जावळ

एकवीस हजार तीनशे बारा.
हा आकडा रिपोर्टवर असता
तर शेजारी लाल पेनाने चांदणी काढली असती,
डॉक्टरांच्या नजरेत यावा म्हणून.
पण हा गाडीचा आहे, आणि गाडी चौदा महिन्यांची.

हुसनोद्दीन पिंजारी फजरनंतर दुकान उघडतात.
चाक उतरवून त्यांनी यावल रोडच्या कडेला आडवं टाकलं,
आतल्या कडेवरून अंगठा फिरवला,
मी शीर शोधताना फिरवते तसा,
दाबून नाही, ऐकत.
"तार दिसायला लागली, ताई.
कोनत्या रस्त्याला चालवता?"

भुसावळहून साडेपाचला निघते.
तापीचा पूल, यावल, फैजपूर, सावदा, रावेर.
थंड पेटीत रक्ताच्या नळ्या,
साडेदहाच्या आत परत.
केळीच्या ट्रकमागे चालायचं, ओव्हरटेक जमेल तिथे.
मे महिन्यात परतताना डांबर
खोकल्याच्या औषधासारखं हलतं.

शोरूमवाला म्हणाला, गाडी आमची, टायर त्यांचे, मॅडम.
त्यांचा माणूस जळगावहून आला,
खाचेत पट्टी घातली, म्हणाला, अलाइनमेंट.
अलाइनमेंटवाल्याने हिरवे आकडे दाखवले,
म्हणाला, रस्ता.
रस्त्याला मी विचारलं नाही,
त्याचंच अस्तर उडालेलं.

राग यायला हवा होता.
पण नळीत रक्त फुटतं तेव्हा
आम्हीही हेच बोलतो:
काढणारीचा हात, नेणारीची पेटी, ऊन, नळीच हलकी.
आणि बाकावर बसलेल्या माणसाला
एवढंच सांगतो, पुन्हा द्यावं लागेल.
तोही बाही वर करतो.

"कंपनी मऊ रबर देते," पिंजारी म्हणाले,
"ट्रायलला आवाज नको, दणका नको,
कागदावर ॲव्हरेज गोड दिसला पाहिजे.
पहिला टायर गिऱ्हाइकासाठी नस्तो, ताई.
गिऱ्हाईक व्हायच्या आधीच्या मानसासाठी अस्तो."

हे ते सगळ्यांनाच सांगत असणार.
मीसुद्धा सुई टोचताना सगळ्यांना म्हणते,
मुंगी चावल्यासारखं.

गाडी आणली त्या रविवारी
मनुदेवीला गेलो होतो.
आईने चार चाकांखाली चार लिंबं ठेवली,
मग वाकून टायरवरची रबराची बारीक कुसं बघितली,
बोटाने चाचपली.
"जावळ आहे गं हिला," म्हणाली,
"काढायचं नसतं का?"
सगळे हसले.
फैजपूर येईतो ते रस्त्यानेच काढलं,
मुहूर्त न बघता.

हप्ते अजून सेहेचाळीस.

चार टायरचा भाव त्यांनी
खडूने शटरवर लिहिला, मग एक आकडा पुसला.
"स्टेपनी बघू."
मी पेटी उचलून बाकावर ठेवली,
त्यांनी डिकीतला गालिचा वर केला.
पाचवा तिथेच होता, अंधारात, धुळीविना.
कडेवर तोच चार आकडी छाप,
तोच आठवडा, तेच वर्ष, तोच कारखाना,
आणि अंगभर केस.
याच्याखाली लिंबू ठेवायचं
आईला सुचलं नव्हतं.

इतके दिवस मी त्याला ओझं समजत होते,
चौघांना झिजवत आणलं
तेव्हा हा मागे बसून होता,
आणि याच्यावरच मला
पहिल्या दिवशीची गाडी दिसली.

"तीन नवे, चौथा हा. चालंल?"
मी त्याच्यावरून हात फिरवला,
बोटांना गुदगुल्या झाल्या.
लावा म्हटलं.

पोरगा जॅक दाबत होता.
पेटीतला बर्फ आतल्या आत सरकल्याचा आवाज आला.
सावद्याहून फोन:
प्रल्हादबाबा उपाशी बसलेत पहाटेपासून,
चहासुद्धा नाही, किती वेळ?

निघतेच आहे, म्हटलं.
एक चाक राहिलंय.