नऊ नावाची फाइल

क्लाक्सविकच्या गोदीमागे, सामनच्या पिल्लांच्या शेडमध्ये
पहाटे तीनला भोंगा वाजला.
काल वाजला होता. परवाही.
बार्डुर रबरी बूट चढवून आला,
कोपरापर्यंत हात टाकीत घातला,
म्हणाला, गार आहे.
आणि भोंग्याची वायर उपटून खिशात टाकली.

सकाळी रान्वाने स्क्रिप्ट उघडली.
सात ओळी, तिच्याच हातच्या:
जर तापमान नऊपेक्षा जास्त, तर वाजव.
चौकोनी कंस, दोन्हीकडे सोडलेली जागा
(शेलला अंगाला अंग लावलेले शब्द खपत नाहीत).
सगळं जागच्या जागी.
फक्त फोल्डरमध्ये एक फाइल, जी तिने केलेली नव्हती.
नाव: 9. आत काही नाही.

उमगेपर्यंत कॉफी निवली.
साध्या कंसात 'मोठं'चं चिन्ह तुलना करतच नाही.
तो बाण असतो: जे असेल ते तिकडे ओत.
म्हणजे मोजलं कुणीच नव्हतं.
दर पाच मिनिटांनी यंत्र
नऊ नावाच्या भांड्यात इमानाने काहीच न ओतता
पाण्याला तापमान आहे, एवढ्यावरच ओरडत होतं.

तिने कंस दुहेरी केले.
बार्डुरने वायर परत दिली.
दोन रात्री सगळे झोपले.

तिसऱ्या दुपारी पाणी दहावर गेलं
आणि भोंगा गप्प.
पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती.
बार्डुरने हात घातला, काही बोलला नाही,
धावत जाऊन थंड पाण्याचा व्हॉल्व्ह सोडला.

दुहेरी कंसात आकडासुद्धा अक्षर असतो.
एक आधी, नऊ नंतर; म्हणून दहा लहान.
हसू नका. आपल्याही शब्दकोशात
दहा आधी येतो, नऊ मागून.

शेवटी एक आडवी रेघ आणि दोन अक्षरं, जी, टी.
आता प्रश्न संख्येला.
खालच्या ओळीत तिने इफ उलटा लिहिला,
शेलमध्ये दार असंच लावतात.
आपला जर उलटा केला की रज होतो,
धुळीचा कण.
जर-तरला तेवढीच किंमत देणारी माणसं
माझ्या घरात पुष्कळ होती.

संध्याकाळी ती टाकीपाशी थांबली.
किती? तिने विचारलं.
बार्डुर ओला हात झटकत म्हणाला,
नऊ. नाही, नऊच्या जरा वर.

जरा.
तिच्या कंसाला पूर्णांकच कळतात.
ती वहीत लिहून घेते: जरा वर, बार्डुर, सहा वाजता.
रिकामी फाइल तिने अजून पुसलेली नाही.