थ

घोरपडीच्या रेल्वे फाटकामागं
वाळूचा एक गोल आहे, पंधरा पावलांचा.
मधोमध मी, हातात लांब दोर,
दोराच्या टोकाला सुपारी:
रेसकोर्सनं सात वर्षांनी काढून टाकलेली घोडी,
डावा कान जरासा चिरलेला.

हुसेनचाचा म्हणाले, एका गोष्टीला एकच शब्द.
आज थांब, उद्या उभी राहा, परवा पुरे झालं
असलं माणसांत चालतं.
आणि आधी शब्द, मग दोर. दोर आधी गेला
तर ती दोर शिकेल.

पण माझा शब्द दातांशी अडतो.
शाळेत 'हजर'मधला ह सुटेपर्यंत
सर पुढच्या नंबरावर गेलेले असायचे.
'चल' कसंबसं निघायचं.
'थांब' मात्र थ थ थ करत
उंबऱ्यावरच बसून राहायचा,
आणि तेवढ्यात सुपारी अर्धा गोल फिरून यायची.

पंधरा दिवस हेच. फाटकाची घंटा,
मिरजेची गाडी, माझा थ, तिची धूळ.
गूळ घामानं विरघळून खिशाला चिकटलेला.

मग एका मंगळवारी
थ फुटला, आणि पुढचं काही यायच्या आत
ती थांबली.
चारी पाय जागेवर, चिरलेला कान माझ्याकडं.
मी तरीही शब्द पुरा केला.
तोवर तिचं तोंड खिशापाशी आलं होतं.

परवा मालकांचा भाचा आला, मगरपट्ट्यातून, नवे बूट.
खणखणीत म्हणाला, थांब.
सुपारी चालत राहिली.
पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. मग इंग्रजीत.
ती आपली दुडक्या चालीत.
कठड्यावर तंबाखू मळत चाचा म्हणाले,
जरा अडखळून बोला, साहेब,
तिला तसंच शिकवलंय.

तो हसला. इकडं तिकडं बघून
थ थ थ केलं त्यानं, खोटं खोटं,
शाळेतली पोरं करायची तसंच हुबेहूब.
माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

सुपारी थांबली.
थांबणारच, मी पक्कं करून घेतलं होतं.
फक्त मान वळली ती माझ्या खिशाकडं.

आता दर रविवारी सकाळी
मगरपट्ट्यातून तो माणूस येतो
आणि तासभर माझ्यासारखं बोलतो.
च अजून फार सफाईनं येतो त्याला.
थ जमायला लागलाय.