कडी

बर्फ जाऊन दहा हजार वर्षं झाली,
तरी इथली जमीन अजून उठतेच आहे.
वर्षाला तांदळाचा एक दाणा, उभा धरलेला.
आइला रांताकारी पहिल्या तासाला एवढंच सांगायची
आणि वर्गाची खिडकी उघडायची.
मागच्या बाकांवर कोट चढायचे.

"कोसभर पाठीवर लाकडं वाहिलेला माणूस
मोळी टाकल्या टाकल्या ताठ होतो का?"
कुणीच उत्तर देत नसे. थंडीच तेवढी.

मी तिचा विद्यार्थी नव्हतो. बॅटऱ्या वाहायचो.
एकतीस हिवाळे, ऊलूहून वासा, पुढे होडीनं बेटांवर,
खडकात रोवलेल्या खांबांना वीज पाजत.
वर अँटेना, तिला पांढरी टोपी,
आकाशातून उतरणारा आकडा
तो तिचा, पडसं माझं.

त्यातल्या एका खांबानं हेका धरला.
दर जानेवारीत उसळायचा, एप्रिलात निमूट.
तिनं दोन वर्षं घातली, बावीस पानं लिहिली,
पृथ्वीच्या पोटात काही नवा ताल आहे असं
तेराव्या पानावर जवळजवळ म्हणूनही टाकलं.
मग एका सकाळी मी टोपीवरचा बर्फ
हातमोज्यानं झाडला, सहज.
संध्याकाळी आकडा जागेवर.

सांगावं की न सांगावं करत
साठ किलोमीटर गाडी हाकली.
मग सांगितलं.
तिनं कॉफी संपवली. लेख स्वतःच मागे घेतला.
वर्षभर विभागात लोक खोचून विचारत, काय, बर्फ कसा काय?
ती खरंच उत्तर द्यायची:
किती सेंटिमीटर, ओला की भुसभुशीत.

बेटावरचा वेर्नर म्हणाला, तुमचे खांब कालचे,
आमची कडी बघा.
बर्चच्या रानात, पाण्यापासून दोनशे पावलांवर,
खडकात लोखंडी कडी.
पणज्यानं ठोकलेली, होडी बांधायला.
आता तिच्याखाली मुंग्यांचं वारूळ.
होडीघर तीनदा पुढे सरकवलं,
आणि समुद्रानं सोडलेली जमीन कुणाची, यावरून
दोन चुलतभाऊ बोलत नाहीत.
आइलानं कडीला टेप लावली,
वारुळाला वळसा घालून.
त्या कडीवरची तिची चार पानं
बाकीच्या सगळ्या कामापेक्षा जास्त वाचली गेली.
याचं तिला थोडं वाईटच वाटायचं.

निवृत्तीला केक होता, अकरा माणसं.
पुढच्या मेमध्ये फोन: बॅटरी नको, फक्त ये.
वेर्नरची मुलगी वल्ही घेऊन बसली.
गेल्या साली जिथून बेधडक गेलो
तिथे होडीचा तळ खरवडला.
काळा खडक, थाळीएवढा, कुठल्याच नकाशात नसलेला,
कुरवीनं मात्र आधीच शिटून ठेवलेला.
आइलानं वाकून त्यावर तळवा टेकवला,
ताप बघावा तसा.
"तारीख लिही."

माझ्याकडे पेन नव्हतं.
सतरा मे, सतरा मे, म्हणत
आम्ही तिघं किनाऱ्याला आलो.