जिला मार मिळाला नाही

पाळकसाहेब, बसा. कॉफी कडू झालीय, चालेल ना?
उद्या तुम्ही माझ्या वडिलांवर बोलाल.
प्रीती आणि ताडन यांची गाठ मारणारं
ते एक वचन मात्र नको.
मला ते पाठ आहे,
आधी पोटऱ्यांना, मग तोंडाला.

छडी वाळुंजाची.
दर शनिवारी संध्याकाळी वडील ती बांधावरून ताजी कापून आणायचे,
साल सोलायचे,
लवचीक राहावी म्हणून बादलीत भिजत घालायचे.
रागावलेले नसायचे. हे तुम्हाला कुणी सांगणार नाही:
मारिनुसने रागाच्या भरात कधीच कुणाला मारलं नाही.
आधी प्रार्थना, मग मोजून सहा, मग पुन्हा प्रार्थना,
आणि त्या दुसऱ्या प्रार्थनेत
आवाज फुटायचा तो त्यांचा.

घराचा विमा नव्हता, गाईंचाही नव्हता.
देवाने उगारलेल्या हातापुढे ढाल धरायची नाही,
झीलंडमध्ये आमच्या लोकांत असंच होतं.

तान्ना सहा वर्षांची.
तिला कधी छडी लागली नाही.
लागावी असं ती काही करायचीच नाही;
ताटाच्या कडेचं मीठसुद्धा बोटाने टिपून घ्यायची.

त्रेपन्न साल, जानेवारीतला शेवटचा शनिवार.
मी खोटं बोलले, एका वाम माशावरून.
सहा झाल्या. वर जेवण बंद,
आणि झोपायला माळ्यावर, कांद्याच्या पोत्यांत.
तान्ना खाली,
भिंतीतल्या कपाटपलंगात, दार लावून, उबेत.
मला तिचा हेवा वाटला. तेवढं आठवतं.

रात्री समुद्र बांध फोडून आला.
पुढचं तुम्ही शाळेत शिकला असाल.
वडिलांनी आईला शिडीवरून वर ढकललं,
परत खाली गेले, छातीभर पाण्यात.
कपाटपलंगाचं दार बाहेर उघडणारं.
पाणी बाहेरून रेटत होतं.

मार्चमध्ये देवळात, खिडक्यांच्या उंचीवर चिखलाची रेघ,
तेव्हाच्या पाळकांनी ते वचन वाचलं.
घरी येताना वडील म्हणाले,
बघ, शिक्षेनं तुला वाचवलं.
मी अकरा वर्षांची. मी विचारलं,
मग तान्नावर त्याची प्रीती नव्हती?

वाटलं, आता सहा. निदान सहा.
ते थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली.
मग बांधावर बसून बुटाचा चिखल बोटाने खरवडत राहिले,
अंधार पडेपर्यंत.

त्या वर्षी खाऱ्या पाण्याने सगळी वाळुंजं मेली.
जमिनीत जिप्सम टाकलं, गवत आलं,
वाळुंज पुष्कळ उशिरा.
आलं तरी ते कापायला गेले नाहीत.
बादली दारामागे तशीच, रिकामी.
शनिवारी तिच्याकडे पाठ करून बसायचे.

माझा हाइब पाच वर्षांचा असताना
मी एकदा हात उगारला.
आजोबा मध्ये पडले नाहीत, खुर्चीतून नुसते ओरडले:
दार उघड!
कुठलं दार, ते हाइबला कळेना.
मी हात खाली घेतला.

परवा, अगदी शेवटी, मला म्हणाले,
माळ्यावर थंडी होती का गं?
होती, म्हटलं.
भूक?
तीही.
बराच वेळ मान हलवत राहिले,
जणू हिशेब कुठेतरी चुकतोय
आणि आकडे मात्र सगळे बरोबर आहेत.

उद्या तान्नाचं नाव घ्या, पाळकसाहेब.
बाकी काय बोलायचं ते बोला.
साखर देऊ का?