कडे आणि वर

स्विंडनचं पोलीस स्टेशन, खोली नंबर तीन.
माझ्यापुढे पाण्याचा कागदी पेला
आणि शपथ: पदरचं घालणार नाही, काही गाळणार नाही.
आठवड्यातून दोनदा घेते ती,
तासाला बावीस पौंडांवर.

समोर उल्हास गडेकर, पेडण्याचा,
पोर्तुगीज पासपोर्टवर इकडे आलेला,
गोदामात रात्रपाळी. नखं नीट कापलेली.
सार्जंट हॉपकिन्स विचारते,
बायकोच्या फोनमध्ये ते ॲप कुणी घातलं?
मी मराठीत विचारते.
तो माझ्याकडे बघून सांगतो, जणू मीच विचारलंय:
"फोन मी घेतला. बिल मी भरतो.
रेशमाला काय कळतंय त्यातलं?"

हे सगळं मी इंग्रजीत टेबलावर ठेवते,
बाजारातून आणलेल्या मासळीसारखं, न धुता.

बिल कोण भरतं याच्याशी कायद्याला घेणं नाही,
वकीलबाई त्याला हळू आवाजात सांगतात,
मी त्याहून हळू.
तिला ठाऊक होतं का, ती हो म्हणाली होती का.
आणि कितीदा.
एकदा झालं तर कायदा भुवई उंचावतो,
पुन्हा झालं की वही उघडतो.

दर मंगळवारी सव्वादहाला
तिचा निळा ठिपका
तरणतलावाच्या इमारतीत जाऊन थांबायचा.
पन्नास मिनिटं. जागचा हलायचा नाही.
पन्नास मिनिटं एका जागी थांबलेली बायको
म्हणजे काय,
याचा हिशेब उल्हास रात्रपाळीच्या डोळ्यांनी
पार्किंगमध्ये गाडीत बसून मांडत होता,
काचेवरची वाफ बाहीने पुसत.
सात मंगळवार.

ठिपका लॉकरमध्ये होता,
मोज्यांखाली, टिकल्यांच्या पाकिटाशेजारी.
रेशमा पाण्यात होती.
सदतिसाव्या वर्षी फळी धरून
पाय मारायला शिकत होती,
मोरजीची मुलगी, दारात समुद्र,
आणि कुणी कधी गुडघ्यापलीकडे जाऊ दिलं नव्हतं.

मग तुम्ही तिथे काय करत होता, मिस्टर गडेकर?

"लक्ष ठेवत होतो."

एवढंच. पुढे मागे काही नाही.
तिच्याकडे लक्ष, म्हणजे दूध उतू जाऊ नये,
अंगात कणकण आहे तर आज कामावर जाऊ नये,
रस्ता ओलांडताना कोपराला हलकंसं धरणं.
तिच्यावर लक्ष, म्हणजे पाळत.
कडे आणि वर. दोन दोन अक्षरं,
त्यांच्यामध्ये अख्खा खटला मावतो,
आणि या माणसाने दोन्ही गिळलीत.

टेप चालू. लाल दिवा.
मी कुठलंही एक उचलू शकते,
या खोलीत कुणाला पत्ता लागणार नाही.
मी म्हणते, वाक्य अर्धं आहे, त्यालाच विचारावं लागेल.
हॉपकिन्स मान हलवते.
तिच्याकडे, की तिच्यावर?

उल्हास बराच वेळ नखं बघत बसतो.
मग खरोखरच न कळून विचारतो,
"वेगळं असतं का ते?"

याचं इंग्रजी करायला मला वेळ लागला नाही.

परतीच्या बसमध्ये, मॅजिक राउंडअबाउटच्या
त्या पाच चकऱ्यांतल्या कुठल्यातरी एकीत
माझा अंगठा आपोआप स्क्रीनवर जातो.
मिहिका. शेफील्ड. लॉन्ड्रीजवळ.
बॅटरी चौतीस टक्के.
ती हो म्हणाली होती.
तेराची होती, शाळेची सहल वेल्सला जाणार होती,
सहीचा कागद माझ्या हातात होता.
आता वीसची आहे.
मधल्या काळात मी पुन्हा विचारलं नाही,
आणि तिने आठवण करून दिली नाही,
की तिला आठवतच नाही,
हेही मी विचारलेलं नाही.

बस थांबते, कुणीतरी ओली छत्री घेऊन चढतं.
मी लिहिते: जेवलीस का?

ठिपका हलत नाही.