रेघेच्या डावीकडे

नेब्रास्कात नोव्हेंबर म्हणजे पाचलाच काळोख.
लुथरन चर्चच्या तळघरात, मंगळवारी सात वाजता,
व्हर्ला स्टूकनहोल्ट्झबाई फळ्यावर एक आडवी रेघ मारतात
मक्याच्या तासासारखी सरळ,
मग तिला आरपार छेदणारी एक उभी.
"डावीकडे कर्ता. उजवीकडे क्रियापद.
एवढ्या दोघांवर इंग्रजी उभी आहे.
बाकीचं सगळं खाली लोंबतं."

आणि खरंच लोंबतात विशेषणं, तिरक्या रेघांवर,
पाळी सुटल्यावर खुंटीला अडकवलेल्या
ओल्या हातमोज्यांसारखी.

समोर अकरा जण. सगळे मांसाच्या कारखान्यातले.
साबणाच्या वासाखालून चरबीचा वास.
अब्दिवेलीच्या सोमालीत क्रियापद शेवटी येतं,
सगळ्यांना वाढून झाल्यावर पानावर बसणाऱ्या माणसासारखं
(आपल्याकडेही तसंच, बघा, तेच शेवटी बसतं).
एउलालियाच्या कंजोबालमध्ये ते सगळ्यांच्या आधी:
आधी 'पडला', मग कोण ते.
नॉ पॉ वाहच्या कारेनमध्ये मात्र ते मधेच,
थेट इंग्रजीसारखं.
एवढ्या भांडवलावर ती पहिल्या बाकावर बसते.

कर्म समजायला दोन मंगळवार गेले.
क्रिया ज्याच्यावर जाऊन आदळते, ते कर्म.
बाई म्हणाल्या, कुत्रा हाड चावतो.
अब्दिवेलीनं वहीत लिहिलं, मी हाड कापतो.
आणि त्याखाली, कुणी न सांगता,
हाड मला कापतं.
व्याकरणाला दोन्ही चालतात.
बाईंनी दोन्हींपुढे बरोबरची खूण केली,
दुसरीपुढे जरा उशिरा.

"कर्ता नसलेलं वाक्य असतं का?"
एउलालियानं विचारलं. कारखान्याच्या भिंतीवर तर तसलीच आहेत:
सुऱ्या मोजा. हात लांब ठेवा. बोलू नका.
"असतो ना कर्ता," बाई म्हणाल्या, "लपलेला असतो."
रेघेच्या डावीकडे त्यांनी कंस काढला
आणि कंसात लिहिलं: तुम्ही.
कुणी काही बोललं नाही.
वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या घड्या करत होतं
त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

फेब्रुवारीत अब्दिवेलीच्या उजव्या हाताची अनामिका गेली.
अर्धीच, तो म्हणतो,
अर्धी म्हणजे काही नाही असं दाखवत.
कंपनीचा कागद त्यानं वर्गात आणला.
त्यात एकच वाक्य: बोटाला इजा झाली.
"चला, मांडू या," बाई म्हणाल्या. आडवी रेघ. उभी रेघ.
इंग्रजीत ते वाक्य मांडलं की
डावीकडे बोटच येतं. एकटं.
जणू तेच सकाळी उठून, डबा घेऊन, कामावर गेलं होतं.

तेव्हा एउलालिया उठली.
पाच महिन्यांत ती फळ्याकडे कधी गेली नव्हती.
सवयीनं आधी क्रियापदच लिहिलं,
बाहीनं पुसलं,
मग डावीकडून नीट सुरुवात केली:
कंपनी. वाढवला. वेग.
वेगाखाली तिरकी रेघ: पट्ट्याचा.
क्रियापदाखाली तिरकी रेघ: बुधवारी.
तिसरी रेघ मारताना खडू मोडला,
उरलेल्या तुकड्यानं लिहिलं: पुन्हा.

बाईंनी चष्मा वर केला. बराच वेळ पाहिलं.
कंपनी 'के'नं लिहिली होती.
बाईंनी तो 'के' पुसला, जागेवर 'सी' घातला,
आणि म्हणाल्या, "हे पत्रात जायचंय ना,
मग चूक नको."

अब्दिवेलीनं डाव्या हातानं उतरवून घेतलं.
अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी आली.
नॉ पॉ वाहनं वही धरून ठेवली होती, हलू नये म्हणून.

बाहेर काचांवर बर्फाचा पापुद्रा.
गाडीचं इंजिन गरम होईपर्यंत
एउलालियानं ते आपल्या भाषेत म्हणून पाहिलं:
वाढवला, कंपनीनं, वेग.
त्या बाजूनं सुरू केलं तरी
तेच निघालं.