ताणा

साखर पेठेत, मागांच्या वरच्या खोलीत
मी समुद्राचा तळ चालवते, लॅपटॉपवर.
एक प्लेट दुसरीखाली सरकते,
वर्षाला चार बोटं.
मध्येच अडकते. अडकूनच राहते.
पडद्यावर तीनशे वर्षं जातात
तेवढ्यात खाली एक टॉवेल विणून होतो.

मग लाल रेघ उसळते, सगळं सुटतं,
आणि पुन्हा पहिल्यापासून अडकणं.

नरसय्यामामा, जॉबर, चहा घेऊन वर येतात.
"कधी तुटणार, ते सांगतंय का?"
नाही. घर्षणाचा आकडा केसभर हलला
की शंभर वर्षं इकडची तिकडं.
"मग आमचं बोट बरं," म्हणतात,
ताण्यावरून फिरवावं तसं हवेतच फिरवतात.

किल्लारीच्या पहाटे ते रात्रपाळीला होते.
माग एवढे हादरत होते
की भूकंप आलेला कुणाला कळलाच नाही.
वीज गेली.
माग थांबले.
जमीन थांबली नाही.

माझ्या मॉडेलात ती पहाट बसत नाही.
तिथं समुद्र कुठला, खंदक कुठला.
मामा कप उचलून नेतात.
मी आकडा पुन्हा भरते,
शून्य पूर्णांक शून्य एक पाच.
फरशी थरथरते.
मागच असतील.